पेटीमास्तरांना विचारा : ‘रडू दे’ म्हणणारं गाणं

संपादक दर महिन्याला बजावतात, ‘मास्तर, पाच-सहा पत्रं घ्या, उत्तरं आटोपशीर ठेवा.’ या खेपेला तीनच घेतलीत, आणि त्यातलं एक आटोपशीर होणार नाही हे आधीच कबूल करतो. तिन्ही पत्रं एकाच गाण्यामागं लागून आलीत. कारण मीच. दोन अंकांपूर्वी पायपेटीच्या भात्यावर लिहिताना ओघात एका इटालियन पदाचं नाव घेतलं होतं, ‘लाशा क्यो प्यांगा’, आणि जमलं तर ऐका म्हटलं होतं. ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक आणि त्यात एकट्या पात्राच्या वाट्याला आलेलं पद म्हणजे आरिया, एवढंच तेव्हा सांगितलं. सांगितलं की लोक खरंच ऐकतात, याची मला कल्पना नव्हती.

प्रश्न : मास्तर, तुम्ही सांगितलेलं गाणं ऐकलं. ते ठीक आहे, हळू आहे. पण ते संपल्यावर फोननं आपोआप पुढची आरिया लावली. ‘ही बाई एवढी का ओरडुलालीय बे?’ असं माझा रूममेट म्हणाला आणि मला उत्तर देता आलं नाही. हे भारी आहे असं म्हणायलाच पाहिजे का?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. आणि रूममेटलाही सांगा, निम्म्या आरिया मलाही सोसत नाहीत.

पण ओरडणं वेगळं आणि आवाज फेकणं वेगळं. ही गायकी माइकच्या आधीची. समोर हजार-दोन हजार माणसं, मध्ये वाद्यांचा ताफा, आणि त्या सगळ्यांवरून एका गळ्यानं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. नुसत्या जोरानं ते साधत नाही. योहान सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकानं १९७०च्या दशकात मोजून दाखवलं, की कमावलेल्या गळ्यात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला तीन हजार कंपनांच्या) आसपास आवाजाच्या जोराला एक उंचवटा येतो. वाद्यवृंदाचा जोर तिथं ओसरलेला असतो आणि माणसाचा कान नेमका तिथं तिखट असतो. गर्दीत जिथं फट आहे तिथून आवाज निसटतो.

हे मीही १९७०च्या दशकातच पाहिलं होतं, फक्त मोजलं नव्हतं. गिरणीत मागखात्यात मी बदली कामगार होतो. शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी कळायचं नाही, सगळं काम हातवाऱ्यांवर. पण एक जॉबर, म्हणजे मुकादम, होते, बारीक, नाकातून बोलायचे, आवाज अजिबात न चढवता, आणि चौथ्या मागावरचा माणूस वळून बघायचा. ते जॉबर माझे वडील. घरीही त्याच आवाजात बोलायचे, त्यामुळे चाळीत आमच्या घरातलं काही म्हणता काही लपून राहिलं नाही.

फोनच्या बारक्या स्पीकरवर खालचे सूर गळून पडतात आणि तो उंचवटाच तेवढा उरतो, म्हणून किंचाळी वाटली असेल. हेडफोन लावा. एका वेळी एकच ऐका. आणि ते पुढचं आपोआप लागणं आधी बंद करा. पंगतीत वाढप्यानं न विचारता ताट भरत राहावं, तसं आहे ते.

प्रश्न : मास्तर, नमस्कार. मी साखर पेठेत राहते. आमच्या घरी तेलुगू, पण शाळा मराठीत झाली म्हणून तुमचं सदर वाचते. खालच्या खोलीत चार माग होते, टॉवेलचे. लग्न होऊन आले त्या महिन्यापासून कांड्या भरल्या. मागच्या श्रावणात हे गेले. दिवाळीच्या आधी माग भंगारात दिले, किलोवर. मी रडले नाही. दोन्ही वेळेला नाही. बायका म्हणाल्या, दगड आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तुमचं वाचून मुलाला फोन केला, त्यानं पुण्याहून ते गाणं पाठवलं. सून नातवाला शाळेतून आणायला गेली होती. मी खालच्या मोकळ्या खोलीत फरशी पुसत होते, तेव्हा लावलं. एक शब्द कळला नाही. ती ओळ दुसऱ्यांदा फिरून आली तेव्हा मी खालीच बसले आणि फडकं हातात धरून रडले. किती वेळ ते माहीत नाही. सून आली ती घाबरली. आता रोज दुपारी लावते. सून म्हणते, अत्तम्मा, ते चर्चचं असेल, देवघरापाशी नको. माझे तीन प्रश्न आहेत. ते कोणत्या देवाचं गाणं आहे? कळत नसताना रडू कसं आलं? देवघरासमोर लावलं तर चालेल का?
– एक वाचक, वय ५८

उत्तर : अक्का, पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फडक्यापाशी थांबलो.

आधी सूनबाईंचं. गाणं चर्चचं नाही, नाटकातलं आहे. नाटक ‘रिनाल्दो’, संगीतकार हेंडेल, जन्मानं जर्मन. पहिला प्रयोग लंडनमध्ये २४ फेब्रुवारी १७११ ला झाला. आदल्याच दिवशी हेंडेलला २६ वर्षं पूर्ण झाली होती. गोष्ट धर्मयुद्धाच्या काळातली. अल्मिरेना म्हणून सेनापतीची मुलगी आहे, तिला एका जादूगारणीनं पळवून आणून कैदेत ठेवलंय. जेरुसलेमचा राजा, म्हणजे शत्रूच, तिला बघतो, भाळतो आणि प्रेमाच्या गोष्टी करायला लागतो. त्याच्यासमोर ती हे पद म्हणते. समोर देव नाही, मूर्ती नाही, नको असलेला एक माणूस आहे. (त्या प्रयोगात रंगमंचावर जिवंत चिमण्या सोडल्या होत्या आणि ॲडिसन नावाच्या लेखकानं त्याची छापून टिंगल केली. नाटकवाल्यांचे सोस सगळीकडे सारखेच.)

आणि चाल तर या नाटकासाठी केलेलीच नव्हती. १७०५ मध्ये हॅम्बर्गला ‘अल्मिरा’ नावाच्या नाटकात हीच चाल नुसता नाच म्हणून वाजली, शब्दांशिवाय. १७०७ मध्ये रोममध्ये पाम्फिली नावाच्या कार्डिनलनं एक उपदेशपर काव्य लिहिलं, त्याला हेंडेलनं संगीत दिलं. त्यात ‘सुख’ नावाचं पात्र ‘सौंदर्य’ नावाच्या पात्राला भुलवतं, काटा राहू दे, गुलाब तेवढा घे. चाल तीच. आणि चार वर्षांनी तीच लंडनमध्ये कैदेतल्या पोरीच्या तोंडी. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर चाल कुठली ते छापलेलं असतं. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणाऱ्या किर्लोस्करांनी कानडी पदांच्या चाली बिनदिक्कत उचलल्या. हेंडेलच्या या पदावर छापायचं तर ‘चाल : माझीच, नाचाची’ असं छापावं लागेल.

तरी सूनबाईंना पटलं नाही तर एवढं सांगा, की ज्या पेटीवर तुमच्या घरी आरती होते तिचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलेलं आहे. त्या पेटीनं देवघराचं काही बिघडवलं नाही. माझं पोट मात्र भरलं.

आता अर्थ. मला तो कळला तेव्हा माझं डोकं एका पायपेटीच्या पोटात होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच गावातल्या एका प्रार्थनामंदिरात जुनी पायपेटी होती, तिचा भाता हवा धरत नव्हता. छिद्र शोधायचं म्हणजे कुणीतरी पाय मारत बसायला पाहिजे आणि मी मागची फळी काढून आत कान लावायला पाहिजे. पाय मारायला एक निवृत्त सिस्टर बसल्या, सत्तरीच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या. नुसते पाय मारून कंटाळल्या म्हणून दोन बोटांनी वाजवायला लागल्या, आणि वाजवता वाजवता म्हणायला लागल्या. आवाज बारीक, मधूनच तुटणारा. मी आत वैतागलो, कारण सुरामुळे मला गळती ऐकू येईना. पण गाणं असं होतं, की दोन-तीन शब्द झाले की थांबायचं. पुन्हा दोन-तीन शब्द, पुन्हा थांबा. बाई थांब्यात बोटं उचलायच्या, पाय मात्र चालू. आणि त्या थांब्यात मला ऐकू आलं : फुस्स. डाव्या कोपऱ्यात, घडीच्या आत, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. पुढच्या थांब्याला बोट ठेवून बघितलं, बंद. मऊ चामड्याची पट्टी आणि सरस लावून दहा मिनिटांत काम झालं.

बाहेर येऊन विचारलं, सिस्टर, हे काय म्हणत होता? म्हणाल्या, ‘रडू दे म्हणते ती. बाकी काही नाही.’ शाळेत असताना कुणा परदेशी बाईंनी शिकवलेलं, नाइट ड्यूटीला वॉर्डात गुणगुणायची सवय लागली म्हणाल्या. मजुरी घेतली नाही मी त्या दिवशी. घ्यायला हवी होती, भाड्याचे पैसे खिशात नव्हते.

तर अक्का, शब्द हे असे. आठ बारक्या ओळी आहेत. रडू दे मला माझ्या कठोर नशिबावर, आणि सुटकेसाठी सुस्कारे टाकू दे. मग मधला भाग : माझ्या यातनांच्या या बेड्या दुःखानंच तुटोत, केवळ दयेपोटी. आणि पुन्हा पहिल्यापासून, रडू दे मला.

हे वाचून तुमच्या अंगावर काटा येईल, माझ्याही आला होता. पण यात दैवी संकेत शोधू नका. तुम्हाला रडू आलं ते शब्दांनी नाही, कारण शब्द तुम्हाला माहीत नव्हते. आलं ते बांधणीनं, आणि बांधणी उघडून दाखवणं हा माझा धंदाच आहे.

ठेका तीन मात्रांचा, संथ. वजन पडतं दुसऱ्या मात्रेवर. चालताना एक पाऊल नेहमीसारखं टाकावं आणि दुसरं टाकताना पाय जड व्हावा, तसं. मूळ नाच असल्याची ही खूण. त्यावर शब्दांचे तुकडे, आणि तुकड्यांमध्ये त्या मोकळ्या जागा, ज्यांत मला भोक सापडलं. हुंदका देऊन रडणारं माणूस कसं रडतं? वाक्य पुरं करत नाही. दोन शब्द, श्वास, दोन शब्द. ऐकणाऱ्याचा श्वास नकळत तिच्याबरोबर अडतो आणि सुटतो. तुम्ही रडण्याआधी तुमची छाती रडायला लागली होती.

स्वर बघा तर आणखी चकित व्हाल. रडण्याचं गाणं म्हणजे कोमल स्वरांचं कोंडाळं असणार असं आपण धरून चालतो. पेटीवर पांढरी चारचा, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा, षड्ज धरून वाजवा : बहुतेक सगळे शुद्ध स्वर, बिलावलचे. शाळेच्या प्रार्थनेला चालतील असे. दुःखाचं सोंग कुठं नाही. मधल्या भागात सूर काळोखात उतरतो, जणू धैवतालाच षड्ज मानून गाणं चाललंय, आणि तिथून बाई पुन्हा त्या शुद्ध, उजेडाच्या ओळीवर येते. तुम्ही लिहिलंय, ती ओळ दुसऱ्यांदा फिरून आली तेव्हा मी बसले. माझा अंदाज, हेच ते परतणं. हेंडेलनं तिथं पुन्हा स्वर लिहिलेले नसतात, नुसतं ‘दा कापो’ लिहिलेलं असतं, डोक्यापासून. आपण मुखड्यावर येतो तसं. सजावट गाणारीवर सोडलेली. पहिल्या वेळी ओळ सरळ म्हणायची, दुसऱ्या वेळी तिच्यात आपल्या जागा घ्यायच्या. जॉन स्लोबोडा या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारून पाहिलं, की डोळ्यांत पाणी येतं ते गाण्यात नेमकं कुठं. वारंवार निघाली ती जागा अशी : सूर आपल्या घरी न जाता शेजारच्या स्वरावर जरा टेकतो आणि मग घरात पाऊल टाकतो. आपला कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराआधी ओझरता लागणारा स्वर, काही अगदी हाच नव्हे, पण भाऊबंद आहे. आणि परतताना गाणाऱ्या बाया नेमक्या अशाच जागा पेरतात.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरच्या माणसानं हा प्रश्न विचारूच नये. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, वेळी संमती कट्ट्यापाशी उभे असता ना? ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ झालं की लाखभर हातांतून अक्षता उडतात. त्यातल्या किती जणांना कानडी येतं? माझ्या चाळीत पलीकडच्या रांगेत तुमच्याच समाजाची घरं होती. पितृपक्ष सरत आला की त्या बायका फुलांभोवती फेर धरून बतुकम्माची गाणी म्हणायच्या. मला त्यातला आजही एक शब्द कळत नाही, आणि टाळीचा तो ठोका आठवला की आईची आठवण होते, जिला स्वतःला तेलुगू येत नव्हतं.

आणि एक आठवतंय का बघा. आपल्या लहानपणी कुणी गेलं की एखादी म्हातारी यायची, दारातच हेल काढायची. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगत, सुरात. ती सख्खी नसायचीही. पण तिनं हेल काढला की घरातल्या गोठलेल्या बायका फुटायच्या. आता म्हाताऱ्या उरल्या नाहीत, आणि शेजारपाजारच्यांना तसला आवाज चालत नाही. तुमच्याकडं श्रावणात बहुधा कुणी हेल काढला नसेल. पाहुण्यांचा चहा, मागांवरचं कर्ज, मग भंगारवाल्याचा काटा. या आरियात गोष्ट पाच मिनिटं जागची हलत नाही. राजा उभा, कैद उभी, आणि एका पोरीला नाटकानं वेळ काढून दिलाय. तुम्हाला तो मिळाला नव्हता, तिच्याकडून उसना मिळाला.

दुसरं, ती खोली. धागा तुटला की माग थांबतो आणि मागावरचा माणूस आधी घाबरतो, मग गाठ मारतो. तुमच्या घरात इतकी वर्षं शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढाच अर्थ होता. माग गेल्यावर तीच शांतता दिवसरात्र. या गाण्यातल्या थांब्यांत मात्र काही बिघडलेलं नसतं. पुढचा सूर येतो. मी मागखात्यातला आहे म्हणून हे मला सुचलं. चुकत असेन तर सोडून द्या.

खरं सांगायचं तर मला स्वतःला या गाण्यानं रडू येत नाही. भोक सापडल्याचा आनंदच आठवतो. मला रडू आलं होतं ते आमची गिरणी बंद पडल्यावर, एका सकाळी भोंगा झालाच नाही आणि तरी मी डबा घेऊन दारात उभा, तेव्हा. प्रत्येकाचं भोक वेगळ्या कोपऱ्यात.

राहिलं देवघर. इटालियन शब्द आहे ‘लिबेर्ता’. मराठीत आणताना माझ्यासमोर दोन शब्द होते, सुटका आणि मुक्ती. मुक्ती लिहिलं असतं तर तुमचं गाणं एका झटक्यात अभंग झालं असतं आणि देवघराचा प्रश्नच मिटला असता. मी सुटका लिहिलं, कारण ती पोर कैदेत आहे आणि तिला घरी जायचंय. मोक्ष नकोय तिला. माझा अनुभव असा, की माणूस नीट रडायच्या आधीच त्याला अध्यात्म वाढलं की ते अंगी लागत नाही. नाव न घेता सांगतो, आमच्याकडं बाराव्याला एकांनी दोन तास आत्म्याचं अमरत्व सांगितलं, आणि आईला मधेच पाणी प्यायला उठायचीसुद्धा चोरी झाली होती. तरीही त्या पदाचा शेवटचा शब्द आहे ‘पिएता’, दया, करुणा. तो शब्द देवापाशी न्यायचा का राजापाशी, हे नाटकानं अल्मिरेनावर सोडलंय, मी तुमच्यावर सोडतो.

लावा देवघरासमोर. देवानं इतकी वर्षं चार मागांचा खडखडाट ऐकलाय, याला काय नाही म्हणणार? पण मला विचाराल तर खालच्या खोलीतच लावा, फरशीवर मागांच्या पायांच्या खुणा असतील तिथं. सूनबाईंना एकदा शेजारी बसवून अर्थ सांगा, तिचेही सासरे गेलेत. आणि एक व्यवहाराचं : दुपारी रडून संध्याकाळी भूक लागत असेल तर काही काळजी नाही. जेवण आणि झोपच सुटली तर मुलाला सांगा आणि डॉक्टरांकडं जा. तिथं पेटीवाल्याचा उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. तुम्ही सांगितलेली चाल मंडळाला फार आवडली. तिच्यावर अभंग बसवायचा आहे. पट्टी कोणती आणि पखवाजाला कोणता ठेका सांगू?
– एक पेटीवादक, पंढरपूर

उत्तर : कागदावर पांढरी चार. पण जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग ऐकलं असेल तर तुमच्या पेटीवर ते पांढरी तीनला लागेल. पेटी बेसूर झाली समजून माझ्याकडं पाठवू नका. त्या काळचा सूर आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वरानं खाली धरायची पद्धत आहे. तुमच्या गाणाऱ्याला जी सोसेल ती घ्या.

पखवाजाला ठेका सांगूच नका. मी एकदा हा प्रयोग केलाय, आमच्या तबलजीबरोबर, घरच्या बैठकीत. तीन मात्रा ऐकल्या की त्यांनी दादरा धरला, आणि थांबा आला की त्यात तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, घातली. चार थांबे, चार तिहाया. खुशीत होते बिचारे. लोकांनी टाळ्या दिल्या आणि बायको आतून म्हणाली, लग्नाची वरात आलीय काय की.

तुमची खरी अडचण अक्षरांची आहे, आणि ती मोठी गोड अडचण आहे. मूळ पदाच्या कडव्यातली अक्षरं मोजा. ‘ला-शा-क्यो-प्यां-गा’, पाच. पुढची ओळ पाच, तिसरी पाच, आणि चौथी, ‘ला-लि-बेर्-ता’, चार. आता आपला मोठा अभंग : सहा, सहा, सहा, चार. इटलीतल्या कवीला देहू ठाऊक नव्हतं आणि देहूला इटली, तरी तीन सारख्या ओळी आणि चौथी आखूड, हा घाट दोघांना सुचला. म्हणून तुमच्या मंडळाला ती चाल आपली वाटली असणार.

पण पाचच्या जागी सहा आली की ते एक जादा अक्षर कुठं बसतं? नेमकं थांब्यात. तीन ओळींत तीन थांबे भरतात आणि उरते ती नुसती गोड चाल. मी दोन-तीन अभंग घालून पाहिले, प्रत्येक वेळी तेच झालं. अक्षर गाळलं तर चाल वाचते, पण तुकोबांचं अक्षर गाळायची माझी छाती नाही. तुम्ही पंढरपूरचे, विचारून बघा.